जुन्या कोशातला पदार्थ कसा वाचावा: चीक, कांजी, खळ आणि चुना

जुन्या मराठी कोशात एखादा खाण्याचा पदार्थ किंवा घरी तयार होणारी वस्तू शोधली, की एका ओळीत काम आटोपलेले दिसते. अमुक डाळ, तमुक मसाले, इत्यादी, संपले. त्या ओळीच्या भरवशावर कोणी पातेले चुलीवर ठेवले तर पदार्थ हमखास फसतो आणि दोष कोशाला दिला जातो. कोशकाराने कृती सांगायचे कबूलच केलेले नसते. वाचणाऱ्याला वस्तू ओळखता यावी, एवढेच त्याचे काम. मात्र त्या ओळीत लिंग, वचन, प्रांताची खूण, क्रियापद असे बरेच काही दडलेले असते. ते कोणत्या क्रमाने बाहेर काढायचे आणि कुठे पाय घसरतो, हे पुढे दिले आहे. जुनी पाककृती, दप्तरातली सामानाची यादी किंवा आजीची वही वाचणाऱ्या नवख्यांना ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी: कोश निवडा

सुरुवातीला दोन कोश पुरेत. एक जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. तो १८३१ मध्ये निघाला, आणि आज आपण वापरतो ती वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू या कामात त्याच्यासोबत होते. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले. दुसरा यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात. तिथेच वझे यांचा १९११चा छोटा शालेय कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) हेही आहेत. यातला शेवटचा यादवकाळ आणि महानुभाव वाङ्मय वाचताना लागतो. एरवी त्याच्या वाटेला जायचे कारण नाही.

आधी दाते-कर्वे बघावा, मग मोल्सवर्थ. दाते-कर्व्यांत अर्थ मराठीत आहे आणि बोलींच्या खुणाही आहेत, त्यामुळे नेमका कोणता पदार्थ हे लवकर कळते. तोच अर्थ १८५७मध्ये होता का, हे मोल्सवर्थ सांगतो. इथे एक सावधगिरी हवी. दाते-कर्व्यांनी आधीच्या कोशांतले बरेच अर्थ आपल्यात घेतले आहेत, मोल्सवर्थचेही. दोघांनी शब्दाला शब्द जुळणारी व्याख्या दिली असेल तर ते दोन साक्षीदार नव्हेत, एकच. खरा दुसरा साक्षीदार कोशाबाहेर शोधावा: एखादे छापील पाकपुस्तक, पेशवे दप्तरातली यादी किंवा तो पदार्थ अजून करणारे घर.

संस्कृत कोशांकडे जायचे असेल तर अमरकोशाचा वैश्यवर्ग उघडावा, खाण्यापिण्याचे शब्द तिथे आहेत. तिथली एक व्याख्या बघा: ‘करम्भो दधिसक्तवः’. करंभ म्हणजे दह्यातला सातू, बस्स. कोशातली व्याख्या किती आखडती असू शकते त्याचा हा नमुना. शिवकाळासाठी ‘राजव्यवहारकोश’ आहे. त्यात भोग्यवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे विभागच पाडलेले आहेत, म्हणून वस्तूंचे शब्द पटकन हाती लागतात.

दुसरी पायरी: शब्द सापडेल असा लिहा

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो. आपण आजच्या शुद्धलेखनाने शोधतो आणि कोश ‘सापडले नाही’ म्हणतो. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या कोशांत ते सगळे शाबूत आहेत. नपुंसकलिंगी एकारान्त नाम म्हटले की डोक्यावर टिंब द्यायचेच: पिठलें, लोणचें, पन्हें, रायतें, उटणें. क्रियापदही ‘वाटणें’, ‘कांडणें’ असे. ‘पन्हे’ नुसते टाकून काही निघाले नाही म्हणून शब्द कोशात नाही असे ठरवू नका.

मग वचन. आपण बोलताना अनेकवचन वापरतो, कोश एकवचनाखाली नोंद करतो. पोहे बघायचे तर ‘पोहा’, सांडगे ‘सांडगा’, शेवया ‘शेवई’ किंवा ‘शेवय’, लाह्या ‘लाही’. तिसरी गोष्ट पर्यायी रूपांची: शिकरण आणि शिखरण, कुरडई आणि कुरवडी, मेतकूट आणि मेथकूट, थालीपीठ आणि थालिपीठ. श-स, ण-न, ळ-ल, ख-क या जोड्या उलटून पाहायची सवयच लावून घ्यावी. छापील प्रतीत शोधत असाल तर क्ष आणि ज्ञ कुठे ठेवलेत, अनुस्वाराचे अक्षर आधी येते की नंतर, हे त्या कोशाची चार पाने चाळून आधी पाहून घ्या. प्रत्येक कोशाची पद्धत निराळी असते.

संगणकावर आणखी एक सोय आहे, ती फारसे कोणी वापरत नाही. मोल्सवर्थचा अर्थ इंग्रजीत असल्याने संपूर्ण मजकुरात इंग्रजी शब्द टाकून उलटा शोध घेता येतो. पदार्थ ठाऊक आहे पण जुने नाव ठाऊक नाही, अशा वेळी हाच रस्ता. मात्र शोध आजच्या इंग्रजीत घेऊन भागत नाही. का, ते पुढच्या पायरीत.

तिसरी पायरी: त्या काळची इंग्रजी ओळखा

मोल्सवर्थचे इंग्रजी एकोणिसाव्या शतकातले आहे. त्याच्या काळी ‘कॉर्न’ म्हणजे कुठलेही धान्य, मका नव्हे. ज्वारीच्या किंवा भाताच्या नोंदीत हा शब्द दिसला म्हणून मक्याचा इतिहास लिहायला बसू नये. ‘मील’ म्हणजे पीठ किंवा भरड. ‘पीज’ म्हणजे डाळीची कडधान्ये. आजचा मटार असेलच असे नाही. ‘केक’ हा तर सगळ्यात फसवा. पोळी, भाकरी, वडी, पापड, सांडगा, शेणाची गोवरीसुद्धा, चपटे आणि घट्ट जे जे असेल त्याला ‘केक’. तेव्हा ‘केक’ वाचले की डोक्यात फक्त आकार ठेवावा. भाजलेला, तळलेला की वाळवलेला हे शेजारच्या विशेषणावरून आणि क्रियापदावरून ठरवावे.

‘पार्च्ड राइस’ याखाली आपले तीन वेगवेगळे पदार्थ येऊन बसतात. पोहे म्हणजे भात (टरफलासकट) भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडून चपटा केलेला. लाह्या म्हणजे साळ तशीच तापवून फोडलेली. चुरमुरे म्हणजे उकड्या तांदळाला मीठ लावून तापल्या वाळूत फुलवलेले. इंग्रजी ओळ एकच, पण पोहे दह्यात कालवले तर भिजून मऊ होतात, चुरमुरे चिवट होतात आणि लाह्या बसतात. कुठला पदार्थ, हे मराठी नोंदशब्दानेच ठरते. त्यामुळे इंग्रजी अर्थाचे मराठी भाषांतर करून पुढे जाऊ नये, परत मूळ शब्दाशी यावे.

चौथी पायरी: खुणा आणि लिंग

मोल्सवर्थमध्ये शब्दाजवळची मोठी इंग्रजी अक्षरे व्युत्पत्ती सांगतात: एस संस्कृत, एच हिंदुस्तानी, पी फारसी, ए अरबी. दाते-कर्व्यांत कंसातली अक्षरे पाहा. (गो.) गोमंतकी, (व.) वऱ्हाडी, (खा.) खानदेशी, (ना.) नागपुरी, (कु.) कुडाळी, (राजा.) राजापुरी, आणि (ल.) म्हणजे लाक्षणिक. प्रत्येक विभागात संक्षेपांची यादी असते. तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा.

ही अक्षरे शोभेची नाहीत. गोमंतकी खूण असलेल्या पदार्थात नारळ गृहीत असतो, तो व्याख्येत लिहिलेला असो वा नसो. वऱ्हाडी पदार्थात तो बहुतेकदा नसतो. खूण मुळीच नसेल तर शब्द सगळीकडचा, असा अर्थ लगेच काढू नये. जुन्या कोशांची मदत शास्त्री मंडळींकडून आली, त्यामुळे पुण्याकडच्या आणि कोकणातल्या ब्राह्मणी स्वयंपाकघरात जे होते ते ‘सर्वसाधारण’ म्हणून नोंदले गेले. मासळी सुकवण्याचे, मटण शिजवण्याचे, मोहाच्या फुलांचे शब्द शोधताना कोशावर विसंबून राहिलात तर अर्धे हाती लागणार नाहीत.

लिंगाकडे दुर्लक्ष करू नये. ‘पूड’ स्त्रीलिंगी, ‘पीठ’ नपुंसकलिंगी हे साधे. पण एकाच नोंदीत दोन लिंगे असतील तर दोन अर्थ किंवा दोन प्रांत असण्याची शक्यता असते; क्रमांक टाकलेले अर्थ तेव्हा एकेक करून वाचावेत.

पाचवी पायरी: क्रमांक टाकलेले अर्थ वेगळे करा

‘श्रीखंड’ घ्या. पहिला अर्थ चंदन, दही-साखरेचा पदार्थ नंतर. संतांच्या अभंगात श्रीखंड आले की आधी चंदनच धरावे. ‘पंचामृत’ पूजेतले असेल तर दूध, दही, तूप, मध, साखर. पानातले असेल तर चिंच, गूळ, तीळ, मिरच्या, खोबरे. ‘सातू’ म्हणजे मुळात भाजलेल्या धान्याचे पीठ, आणि मराठीत जव हे धान्यही. एखाद्या यादीत ‘सातू दोन पायली’ लिहिले असेल तर धान्य आले की पीठ आले, हे पुढे दळणाचा खर्च लिहिलाय का त्यावरून ठरवता येते. ‘वैरण’ तर आणखी मजेदार: गुरांचा चारा, आणि जात्यात किंवा आधणात घालायचे धान्यही. ‘आधणात तांदूळ वैरले’ हे वाक्य आजही कोकणातल्या घरांत ऐकू येते.

‘कांजी’ या एका शब्दात तीन थर आहेत. संस्कृतात काञ्जिक म्हणजे धान्य पाण्यात आंबवून केलेले आंबट पाणी; अमरकोशात त्याला आरनाल, सौवीर, धान्याम्ल अशी नावे दिली आहेत आणि वैद्यकात ते औषधे खलायला वापरतात. मराठीत कांजी म्हणजे तांदळाची पातळ पेज, आजाऱ्याला देतात ती. आणि कपड्यांना घालतात तीही कांजीच. आयुर्वेदाच्या पोथीचे मराठी भाषांतर वाचताना पेजेचा अर्थ घेतला तर कृतीच बिघडते, कारण तिथे आंबटपणा मुद्दाम हवा असतो: धातू शुद्ध करायला, वनस्पतीचा अर्क उतरायला. ताज्या पेजेत आम्ल नसते.

सहावी पायरी: क्रियापद

व्याख्येतली कृती क्रियापदात असते. घटक कोणीही सांगेल. घटकांचे काय करायचे ते क्रियापद सांगते. इंग्रजी कोशात ‘पाउंड’, ‘ग्राइंड’, ‘बॉइल’ या तीन-चार शब्दांवर सगळे भागवलेले असते. मराठीत भरडणे वेगळे, दळणे वेगळे, कुटणे, वाटणे, कांडणे, सडणे, खलणे वेगळे. भरडले की कण राहतो, दळले की पीठ होते. वाटणे म्हणजे बहुधा ओले, पाट्यावर. कांडून भाताचे टरफल निघते. सडून तांदळावरचा कोंडा. सडीक आणि असडी तांदळाला पाणी वेगवेगळे लागते, शिजायला वेळही वेगळा. ‘बॉइल’मध्ये उकळणे, उकडणे आणि शिजवणे एकत्र कोंबलेले असतात. उकडण्यात वाफ असते किंवा साल शाबूत असते, शिजवण्यात दाणा फुटतो.

म्हणून हा नियम पाळावा: व्याख्येत जे क्रियापद आले त्याची स्वतंत्र नोंद उघडून वाचायची. वेळखाऊ आहे, पण पदार्थ वाचतो.

एक शब्द जवळून: चीक

कोशात चीक (पुल्लिंगी) पाहिला तर अर्थ मिळतात ते असे: झाडाचा पांढरा रस, व्यालेल्या गाई-म्हशीचे पहिले दूध, गव्हाचे सत्त्व. रुईचा चीक, खरवसाचा चीक, कुरडईचा चीक. संदर्भावरून निवडायचा. ‘गव्हाचे सत्त्व’ या दोन शब्दांमागे किती काम आहे ते बघा.

एक किलो गहू निवडून भरपूर पाण्यात भिजत घालावेत. तीन दिवस. पाणी रोज बदलायचे, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. पाणी न बदलल्यास गहू नासतो, घाण वास येतो आणि चीक पिवळट होतो. नंतर कितीही धुतला तरी तो वास जात नाही. चौथ्या दिवशी दाणा बोटांनी दाबला की आतून पांढरे दूध बाहेर यायला हवे. न आल्यास आणखी एक दिवस. मग गहू पाणी घालत वाटून, हाताने चोळून, आधी चाळणीने आणि मग पातळ फडक्याने गाळावेत. मागे राहतो तो चोथा: कोंडा आणि चिवट भाग. वाटण मिक्सरवर फार बारीक केले तर कोंडाही फडक्यातून उतरतो आणि कुरडई मळकट दिसते.

गाळलेले पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी घट्ट पांढरा थर, वर पिवळसर पाणी. ते पाणी भांडे न हलवता, हळूच ओतून टाकावे. आता तळाचा चीक मापाने मोजायचा. जितका चीक तितकेच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवून त्यात मीठ आणि हिंग घालायचे, आणि चीक धारेने सोडत सतत ढवळायचे. चीक घट्ट असेल तर आधी थोड्या गार पाण्यात सरसरीत करून घ्यावा. तसाच ओतला की गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. मिश्रण पांढरे असताना कच्चे असते. काचेसारखी चमक आली आणि चमच्यावरून जाडसर घसरू लागले की झाकण ठेवून मंद आचेवर एक-दोन वाफा द्याव्यात. कच्च्या चिकाची कुरडई वाळताना तडकते आणि तळताना फुलत नाही. पाणी जास्त झाले तर सोऱ्यातून पडताना पसरते आणि वाळल्यावर प्लास्टिकला चिकटून तुकडे होतात. गरम असतानाच सोऱ्यात भरावे, गार झाले की दाबायला दोन माणसे लागतात.

हाच चीक बेताने पाणी घालून पातळ शिजवला की खळ. कापडाला, कागदाला, पुठ्ठ्याला. इथे खाद्य आणि साहित्य यांची वाट फुटते. बुकबाइंडिंगच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे. त्यामुळे जुन्या वहीत ‘खळ करून त्यात मोरचूद’ दिसले तर ती स्वयंपाकाची ओळ नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पण एकाच पानावर कुरडई आणि खळ लागोपाठ लिहिलेल्या वह्या सापडतात, आणि मधली रेघ पुसट असते.

सातवी पायरी: ‘इत्यादी’ आणि घटकांचा क्रम

व्याख्येतल्या घटकांचा क्रम प्रमाणाचा क्रम नसतो. मेतकूट हे नाव मेथी आणि कूट यांवरून आले, त्यामुळे मेथी पहिली लिहिली जाते. प्रत्यक्षात एक वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ आणि थोडे गहू एवढ्याला मेथी एक लहान चमचा पुरते. वर हळद, हिंग, सुंठ, जिरे, मोहरी. सगळे वेगवेगळे, मंद आचेवर कोरडे भाजायचे. नाव ऐकून मेथी वाढवली की पूड कडू होते आणि भातात तूप कितीही घातले तरी निस्तरत नाही.

‘इत्यादी’मागे काय होते, हे ठरवायची पद्धत अशी: त्याच गटातल्या चार-पाच पदार्थांच्या व्याख्या जवळजवळ ठेवा. सांडगा, पापड, कुरडई, वडी. ज्या घटकाचा एकाने उल्लेख केला आणि बाकीच्यांनी टाळला तो बहुधा ‘इत्यादी’त आहे: मीठ, हिंग, पापडखार. मीठ तर लिहितच नाहीत.

वनस्पतींची लॅटिन नावे दिलेली असतील तर आणखी सांभाळून. त्या काळी उडीद आणि मूग दोन्ही फॅसिओलस प्रजातीत होते, आज विग्ना. त्यातही गोंधळ असा की वनस्पतींना लॅटिन नावे देणाऱ्या लिनिअसने ‘फॅसिओलस मुंगो’ उडदाला आणि ‘रेडिएटस’ मुगाला म्हटले, तर भारतात काम केलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने नेमके उलटे. भारतात छापलेल्या जुन्या पुस्तकांवर रॉक्सबर्गचा प्रभाव मोठा. म्हणून लॅटिन नावावरून डाळ ठरवू नका. मराठी नाव खरे माना आणि लॅटिन नाव त्यावरून तपासा.

साबुदाण्याचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातला साबुदाणा मलायाकडून येणाऱ्या ताडवर्गीय साबूच्या खोडाचा. तमिळनाडूतल्या सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून तो करायला सुरुवात झाली १९४०च्या दशकात. जुनी कृती आजच्या दाण्याला लावली तर पाण्याचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते.

आठवी पायरी: मापे

मापी आणि वजनी हा भेद आधी करा. मापाची चढण अशी: दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वजनाची: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा १८३३ मध्ये १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा सरकारी शेर सुमारे ९३३ ग्रॅम भरतो आणि असे ४० शेर म्हणजे ३७.३ किलोचा मण.

पण हे सगळीकडे चालत नसे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे जेमतेम १२.७ किलो, त्याचा चाळिसावा भाग असलेला शेर ३१८ ग्रॅमच्या आसपास. एकाच शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक. गाव ठाऊक नसेल तर शेराचे किलो करायच्या फंदात पडू नये. प्रमाण तेवढे घ्यावे: दोन शेर तांदळाला अर्धा शेर डाळ म्हणजे चारास एक. आणि कृती मापाची असेल तर सगळे घटक एकाच वाटीने मोजावेत, तराजू आणू नये. वाटीभर तांदूळ आणि वाटीभर पोहे यांचे वजन अगदी निराळे असते, आणि जुन्या कृतीला वाटीच अभिप्रेत होती.

साहित्याच्या शब्दांची वेगळी काळजी

चुना, शाई, रंग, लेप यांच्या व्याख्या वाचताना वरचे सगळे लागू आहे, वर एक धोका. ‘कळीचा चुना’ म्हणजे भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळी उरते. तिच्यावर पाणी पडले की ती फुलते, तापते, पाणी उकळू लागते आणि शेवटी फक्की होते. कोशात ‘चुना’ एवढेच लिहिलेले असते. विड्याला लावायचा, भिंतीला द्यायचा आणि भट्टीतला यांत फरक करणारे विशेषण जोडशब्दात सापडते, म्हणून जोडशब्दांची यादी शेवटपर्यंत वाचावी. कळीवर घरी प्रयोग करू नये. करायचाच असेल तर डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, धातूची बादली, आणि पाण्यात चुना टाकायचा. चुन्यावर पाणी ओतायचे नाही.

जुन्या काळ्या शाईत काजळ आणि बाभळीचा डिंक. हे निरुपद्रवी. तांबड्या शाईत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे गंधकाशी संयुग. पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला हरताळ फासत, त्यात आर्सेनिक. शेंदूर आणि सफेता दोन्ही शिशाचे. हे शब्द आले की वाचून नोंद करावी आणि तिथेच थांबावे. कृती करून पाहू नये, आणि जुनी पोथी हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक शब्दाला एक पान. वर कोशातले रूप जसेच्या तसे, अनुस्वारासह. खाली आजचे रूप. मग लिंग, प्रांताची खूण, कोशाचे नाव, आवृत्तीचे वर्ष आणि पानाचा आकडा. अर्थ क्रमांकासह उतरवावा. आपला निष्कर्ष वेगळ्या शाईने लिहावा, नाहीतर सहा महिन्यांनी कोशाचे वाक्य कोणते आणि आपले कोणते हे आपल्यालाच कळत नाही. संकेतस्थळावरचा मजकूर टंकलेला आहे, त्यात अक्षरचुका असतात. शंका आली की छापील पानाशी ताडून पाहावे.

शब्द सापडलाच नाही तर क्रम असा: अनुस्वार घालून, एकवचन करून, पर्यायी अक्षर घालून, जोडशब्दाचा दुसरा भाग धरून. ‘उकडहंडी’ मिळत नसेल तर ‘हंडी’खाली बघा. मग क्रियापदाखाली, कारण पदार्थाचे नाव उदाहरणाच्या वाक्यात लपलेले असते. मग दाते-कर्व्यांची पुरवणी. हिला लोक विसरतात. तरीही नाही, तर तो शब्द ज्यांच्या तोंडून ऐकला त्यांचे गाव, तालुका आणि पदार्थ कधी करतात तो सण किंवा हंगाम लिहून ठेवावा, आणि करताना कोणते क्रियापद वापरले तेही, त्यांच्याच उच्चारात.